जोडीचा खुराक

१० नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची घाटंजीला! मिरजेहून निघून दीड दिवस झाला, अंग आंबून गेलंय, पण मन मात्र टवटवीत आहे. नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. वही आईने दिली. म्हणाली, तुझी बडबड ऐकायला तिथे कुणी नसेल, हिला सांगत जा. आईला काय माहीत, मला यापुढे पगारच बडबडीचा मिळणार आहे.

मी स्पीच थेरपिस्ट. ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करणं हा माझा धंदा. नागपूरच्या एका संशोधन संस्थेने मला सहा आठवड्यांसाठी इथे धाडलंय, तेही एकाच पेशंटच्या घरी राहायला. पेशंट मारोतराव, वय सहासष्ट, कापूस आणि तुरीची शेती. चैत्रात लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. काठी धरून चालतात, सांगितलेलं थोडंफार कळतं.

घर गावाच्या कडेला आहे, शेताला लागून. चार खोल्या, त्यातल्या एकीत माणूस नाही, कापूस राहतो. वेचून आणलेला कापूस छतापर्यंत भरलाय. माझी खोली नेमकी तिच्या शेजारी. आल्या आल्या सात शिंका दिल्या. मारोतरावांच्या बायकोने, मैनाबाईंनी, त्या मोजल्या आणि म्हणाल्या की कापूस नव्या माणसाची हजेरी घेतो. बाई साठीला टेकलेल्या, काटक, डोळ्यांत मिश्किली. मुलगा कपिल पुण्याला असतो. हा उपचार त्यानेच शोधला, कागदांवर सह्या त्याच्याच.

गोठ्यात तांब्या आणि चांद्या अशी बैलांची जोडी आहे. मैनाबाईंनी आधी बैलांची ओळख करून दिली, मग नवऱ्याची. मी 'हो का?' म्हटलं की त्या पदर तोंडाला लावून हसतात. त्यांना मावशी म्हणायचं आणि मारोतरावांना काका, हे मी ठरवून टाकलं. भाकर, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्याने डोळ्यांत पाणी आणलं. मी इथे खूश राहणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज डॉ. इंद्रजित नागपूरहून आले आणि पहिला डोस स्वतःच्या हाताने देऊन गेले. माणूस हुशार, गोड बोलणारा, आणि घड्याळाकडे सतत लक्ष. त्यांनी मावशींना समजावून सांगितलं ते इथे लिहून ठेवते, माझाही पाठ पक्का होईल.

मेंदूत दोन तऱ्हेच्या पेशी. चेतापेशी विचार करतात, बोलतात, हुकूम सोडतात. आधारपेशी त्यांना खाऊपिऊ घालतात, कचरा काढतात, सांभाळतात. काकांच्या बोलण्याच्या जागेतल्या चेतापेशी लकव्यात मेल्या, आणि मेलेली चेतापेशी परत येत नाही. पण आधारपेशी तिथे भरपूर उरल्यात. औषधाच्या थेंबांमध्ये एक निरुपद्रवी केलेला विषाणू आहे. तो नाकावाटे वर जातो आणि आधारपेशीला सांगतो की उद्यापासून तू चेतापेशी. ती आपलं जुनं काम सोडते आणि चेतापेशी होते.

मावशींना हे कपाशीचे खाडे भरण्यासारखं वाटलं. बी उगवलं नाही ती रिकामी जागा म्हणजे खाडा, तिथे दुसरं बी टोचतात. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच, फक्त इथे मजुरालाच मालक करायचं. त्यावर मावशींनी विचारलं, सगळे मजूर मालक झाले तं मंग निंदन कोन करीन, साहेब? निंदन म्हणजे तण काढणं. डॉक्टर मनापासून हसले. मीही हसले. 

माझ्यासाठी दोन नियम. पहिला, रोज सकाळी एक कुपी फोडायची. अर्धी काकांच्या नाकात, उरलेली अर्धी ब्लीचच्या डब्यात ओतून तक्त्यात 'नष्ट केले' अशी खूण करायची. कुप्या मोठ्या मात्रेच्या भरल्या गेल्या होत्या, नंतर मात्रा निम्मी ठरली, म्हणून अर्धी उरते. दुसरा नियम महत्त्वाचा. नवी पेशी कोरी असते, जो आवाज ऐकेल त्यावर घडते. म्हणून रोज चार तास दार बंद करून एकच आवाज, माझा. घरच्यांनी सहा आठवडे त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही.

मावशींना हे जड गेलं. एक्केचाळीस साल झाले याह्यच्यासंग बोलून राह्यली, आता मुकी राहू म्हंता? पण राहीन म्हणाल्या. त्यांना एकच गोष्ट हवी आहे. चारचौघांत काका त्यांना मैनाबाई म्हणत, पण एकट्यात एक वेगळं नाव होतं. ते एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय. कोणतं ते मात्र सांगेनात. म्हणाल्या, तुले सांगतलं तं तू शिकवशीन. त्यायले आपल्या मनानं येऊ दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काम सुरू. सकाळी थेंब, मग चित्रांची पानं: गाय, घर, ताट, विहीर. काकांच्या तोंडून एकच शब्द येतो, कशालाही तोच. गाय दाखवली, 'भिंगरी'. ताट दाखवलं, 'भिंगरी'. लकव्याच्या पेशंटांत असा एखादा शब्द अडकून बसतो, सुई अडकल्यासारखा. अर्थ काही नसतो, पण तो नव्या शब्दांची वाट अडवतो, म्हणून मोडून काढावा लागतो. शब्द आला की मी तळहात पुढे करते, 'थांबा' म्हणते आणि पान उलटते. परवा एकोणचाळीस वेळा, आज एकतीस. बरं चाललंय.

माझंच नाक चालत नाही. कापसाची तूस नाकात जाऊन बसते, दुपारपर्यंत डोकं जड. मावशी म्हणाल्या, त्याला तूप. जेवण झालं की मी ओसरीवर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटते आणि त्या नाकात थेंब सोडतात. पहिले दोन गार लागतात, नंतरचे कोमट. गार कशाचे विचारलं तर म्हणाल्या, नाक धुवाले. आईनंतर माझे इतके लाड कुणी केले नव्हते.

ब्लीचचा डबा ओट्याखाली असतो, म्हणून उरलेली कुपी मी मावशींच्याच हातात देते. तेवढाच मला वाकण्याचा त्रास कमी. खूण मी करते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चित्रांची पानं संपली! चार तास बोलायचं म्हणजे काय थट्टा आहे. मग मी सरळ आमच्या घरचं सांगायला सुरुवात केली. बाबा मिरजेत तंबोरे करायचे. भोपळे वाळत घातलेलं अंगण, लाखेचा वास, आणि तार लावून झाली की बाबा घोडीवर, म्हणजे तार जिथे टेकते त्या पट्टीवर, तारेखाली एक सुती दोरा सरकवायचे. तो दोरा नेमक्या जागी आला की मुकी तार गायला लागते. त्या दोऱ्याला 'जीव' म्हणतात. मावशींच्या कापसाचं एक बोट घेऊन मी तसा दोरा वळून काकांना दाखवला. त्यांनी तो डाव्या हातात घट्ट धरून ठेवला, सोडेचनात. बाबा गेल्यापासून मी हे सगळं कुणाला सांगितलं नव्हतं. मलाच बरं वाटलं.

भिंगरी आज फक्त सहा वेळा. सहाही वेळा बंद दाराकडे बघत. थकले असावेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भिंगरी शून्य! आणि नवे शब्द नऊ: चहा, दार, तार, लाख, पाऊस, आई, ऊन, बस, दोरा. डॉक्टरांना फोन केला, ते इतके खूश झाले की माझ्यासारखी माणसं संस्थेला हवीत म्हणाले. मी दिवसभर हवेत.

दुपारी थेंबांनंतर मी ओसरीवरच पडून राहते आणि मावशी सरकी, कचरा काढत कापूस निवडत बोलत बसतात. नवऱ्याशी बोलायची बंदी, मग साठलेलं सगळं माझ्या कानात. काका लहानपणी बोरी अरबला मामाकडे शिकले. मास्तरांच्या भीतीने तुरीत लपायचे. चांद्याला ते नुसत्या 'हं' वर वळवायचे. वेचणीला सगळ्यांच्या आधी शेतात, जेवायला सगळ्यांच्या शेवटी. मी अर्धवट झोपेत ऐकते. इतकी गाढ, सुखाची झोप मला कधी आली नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

काका आज पूर्ण वाक्य बोलले. मी धावत मावशींना बोलावलं. नियम मोडला तर मोडला, हा क्षण त्यांचा होता. त्या हात पुसत आल्या, दारात उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, गोड हसले आणि म्हणाले, मावशी, चहा टाकू का?

स्वच्छ. सुबक. माझ्या गावच्या मराठीत. शेवटचं 'का' मी जसं वर उचलते तसंच उचललेलं.

मावशी हसल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज बराच वेळ येत होता, जेवायला मात्र तीनच भाकरी निघाल्या. मी त्यांना सांगितलं की आधी भाषा येते, मग माणूस येतो. असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी ते तिथल्या तिथे बनवलं.

४ डिसेंबर, गुरुवार

काका आज मला माझ्याच बाबांची गोष्ट सांगत होते. भोपळे, अंगण, लाख. मी सांगितलेलीच, पण 'माझे बाबा' असं म्हणून. इथवर ठीक आहे, शिकलेलं तेच बोलणार. पण पुढे ते म्हणाले की बाबा गेले त्या दिवशी मी दारात न जाता गच्चीवर जाऊन बसले होते. बसले होते. हे मी त्यांना सांगितलंय का? सांगितलं असेन. चार तास रोज बोलते, सगळं कुठे आठवतं.

संध्याकाळी आईचा फोन. मध्येच म्हणाली, अगं तू 'मले' काय म्हणतेस? हसून सोडून दिलं. गावाचं पाणी लागतं माणसाला.

८ डिसेंबर, सोमवार

संस्थेची गाडी काकांना नागपूरला नेऊन तपासणी करून परत सोडून गेली. डॉक्टरांचा फोन आला. नव्या चेतापेशी अपेक्षेपेक्षा खूप जास्त, आवाज आनंदाने थरथरत होता. मी जुन्या पेशींचं विचारलं.  मग म्हणाले, लकव्यातून वाचलेल्या जुन्या पेशीही आता सुकत चालल्यात. त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशीच कमी झाल्या. पण बोलण्याचे गुण बघता हा तोटा चालण्यासारखा आहे.

निंदन कोन करीन. मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. शेतात पाऊल न टाकलेले आम्ही दोघं हसलो होतो.

म्हणजे काका परत येत नाहीयेत. काका जात आहेत, आणि त्या जागी मी येते आहे. हे मावशींना कसं सांगू? सांगितलं नाही. मी भित्री आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मावशींनी आज हात टेकले. कापूस निवडता निवडता म्हणाल्या की आता तो शब्द येणार नाही, तं तुले सांगून टाकते. सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. वेचणीत नुसत्या पळायच्या, कपाशीच्या या तासातून त्या तासात, ओळीमागून ओळ. काकांनी बांधावरून पाहिलं आणि नाव ठेवलं. एकट्यात कायम तेच.

भिंगरी.

मी उठून खोलीत आले. तक्ता काढला. १३ नोव्हेंबर, एकोणचाळीस वेळा. १५ ला एकतीस. १९ ला सहा, दाराकडे बघत. दाराच्या पलीकडे ही बाई तोंडाला पदर लावून नियम पाळत बसली होती. २४ ला शून्य. शेरा: उत्तम सुधारणा. खाली सही माझी.

तो बायकोला हाका मारत होता. मी तळहात दाखवून त्याला गप्प केलं.

 

१४ डिसेंबर, रविवार

पाप धुवायला गेले आणि आणखी केलं. दोन दिवस दार लावून काकांना तोच शब्द शिकवला. आज मावशींना आत बोलावलं. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, भिंगरी. मग माझ्याकडे वळून, बरोबर ना?

मावशींनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, हे तुवा शिकवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सगळं कबूल केलं, एकोणचाळीससुद्धा. त्या जमिनीवर बसल्या. म्हणत होत्या, म्या दाराच्या पल्याडच होती व माय. पल्याडच होती.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी टेबलावर पांढरा दोरा दिसला. कशाचा तो कळेना. दिव्याची वात म्हणावी तर फार बारीक. काकांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पेशंटकडे बघते. मग हळू, समजावून सांगितलं. तंबोऱ्याच्या तारेखाली घालतात. याला जीव म्हणतात. माझे बाबा करायचे.

मी म्हटलं, असं? मला माहीत नव्हतं.

दुपारी वही उलटून १९ तारखेचं पान वाचलं. अक्षर माझं. बाबांचा चेहरा आठवून बघितला. बांधावर उभा असलेला माणूस दिसला, डोक्याला फडक्याची टापर बांधलेली.

मग एकदम ते गार थेंब आठवले. पहिले दोन.

मावशींना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं. उरलेली अर्धी कुपी त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि दुपारी तुपाच्या आधी माझ्या नाकात सोडायच्या. पहिल्या दिवसापासून. एवढं महागामोलाचं औषध कायले फेकाव? आणि दुसरं म्हणजे, जोडी. एका बैलाले खुराक देल्ला अन् दुसऱ्याले नाई, तं जू कलते. दोघायले सारखं द्या लागते. तू बोलून राह्यली, ते ऐकून राह्यले, एकाच जुवाले हा ना तुम्ही दोघं. तुह्यं डोकं दुखे म्हून म्हटलं, ताकद येईन.

माझ्या तक्त्यावर चौतीस खुणा आहेत. नष्ट केले. नष्ट केले. नष्ट केले.

१७ डिसेंबर

डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं.  त्यांनी एकच विचारलं. या पाच आठवड्यांत तुम्ही दिवसभर कुणाचा आवाज ऐकलात?

ओसरीवर मावशी कापूस निवडत होत्या.

थेंब ताबडतोब बंद करा म्हणाले. दोघांचेही. सोमवारी गाडी पाठवतो, मेंदूची तपासणी करू, तोवर आपल्या गावच्या गोष्टी मोठ्याने बोलत राहा. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मिरज. तंबोरे. आई. आईचं नाव — वहीत कुठे लिहिलेलं नाही. मी आईचं नाव वहीत कशाला लिहीन?

फोनमध्ये फक्त 'आई' आहे. लावला. तिला तिचंच नाव विचारलं. ती रडायला लागली.

१९ डिसेंबर

सोमवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. बॅग घेतली, स्टँडवर आले. बस लागली, चढले. कंडक्टरने कुठे विचारलं.

बोरी अरब म्हणाले.

मी कधी बोरी अरबला गेलेली नाही. पण तिथल्या शाळेचं दार दिसत होतं, मामाच्या गुरांचा वाडगा, मास्तरांची छडी. घाईने खाली उतरले. स्टँडच्या बाकावर बसून वही पहिल्यापासून वाचली, मोठ्याने. बाया बघत होत्या. वाचताना ती पोरगी बरी वाटत होती. बडबडी होती.

परत आले. पाय आपोआप आले, रस्ता विचारावा लागला नाही.

२० डिसेंबर

मावशींना मी सगळं समजावलं. त्यांना कळलं. कपाळावर हात मारून घेतला. म्या चुकली, पोरी. तुह्या मायले काय तोंड दाखवू? सोमवारची वाट नको पाहू, उद्या म्या सोता तुले नागपूरच्या गाडीत बसून देते. माझी बॅग भरली, भाकरी बांधून ठेवल्या. देवापुढे बसल्या. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी शुद्धीत असताना लिहून ठेवते.

काका खिडकीशी बसून दोरा वळत होते. एक शब्द गुणगुणत. ऐकलेला वाटला — मिरज.

२१ डिसेंबर

निघायचं होतं. जेवायला बसले. ठसका लागला. मागे न बघता बोलले —

भिंगरे, पानी आन.

माझ्या तोंडून. आवाज माझाच. पण मी बोलले नाही.

स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या पडला. मग हळू आवाज आला. आनलं जी.

पाणी दिलं. माझ्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याच्या सगळ्या हाका मी मोडल्या होत्या, आणि ही एक मला सापडली — कुठून? त्यांनी मला शब्द सांगितला, मान्य. पण तो असा कसा म्हणायचा, 'भिंगरे', ते सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं.

बॅग दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, कोनती बॅग? चपलाही नाहीत.

दारात बसल्यात. रडतायत आणि हसतायत. अजून एकदा म्हणा म्हणतात. म्हणा.

मला 'म्हण' म्हणायच्या. कालपर्यंत.

२२

वहीत एक नवं पान आहे.

'पोचले एकदाची घाटंजीला! मिरजेहून निघून दीड दिवस झाला, अंग आंबून गेलंय, पण मन मात्र टवटवीत आहे.'

अक्षर माझं. शाई ओली. मी लिहिलं? खिडकीशी म्हातारा बसलाय. उजव्या हातात पेन. उजव्या — तो हात लुळा होता ना?

म्हणतो, ताई, घाबरू नका. थांबा. पान उलटा.

तळहात पुढे करून. मी शब्द काढला की तळहात. थांबा. मी माझं नाव सांगत होते. पहिलं अक्षर प्र — थांबा —

२२ दुपार

गाडी आली नागपूरची. डायवर दारात उभा राह्यला अन् पुसलं, प्रेरणा मॅडम कोन?

म्हाताऱ्यानं हात वर केला.

डायवर हासला. मंग माह्याकडे पाह्यलं. म्या पाह्यलं भिंगरीकडे. तिनं माह्या पायाले गच्च धरून ठेवलं होतं. काहून रडून राह्यली असीन? वेचनी बाकी हाये, चांद्याले पानी दाखवाचं हाये. म्या म्हटलं, बापा, अशी कोनी बाई इथं —

आतमंदी कोनीतरी लहान पोरगी आयकू येते. दाराच्या पल्याड. एकच शब्द घेऊन बसली हाये, आई, आई, आई. म्या हात पुढे केला. थांब म्हटलं. आता कमी झालं. आता —